डिझेल गाडीत ओबीडी ॲप दाखवतं ते ॲव्हरेज कितपत खरं असतं?

तुम्ही म्हणताय, ओबीडी सॉकेटला (इंजिनची माहिती देणारं) डोंगल लावल्यावर मोबाईलवर ११ दिसतं आणि टाकी फुल करून हिशोब केला की १७ येतं. मग खोटं कोण? पंपाचा हिशोब धरा. तुमचं ॲप बहुतेक डिझेल गाडीला पेट्रोलचं गणित लावतंय. सेटिंगमध्ये ‘डिझेल’ निवडलं तरी काही ॲप फक्त घनता बदलतात, गणित तेच ठेवतात.

पेट्रोल इंजिनात १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा, हे प्रमाण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बहुतेक वेळ सांभाळतो. म्हणून मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) दाखवतो त्या हवेवरून इंधन काढता येतं. डिझेलमध्ये हवेला तसा लगाम नसतो. पाय दाबला की वाढतं ते डिझेल. भरल्या गाडीने घाट चढताना हे प्रमाण २० च्या आसपास येतं, आयडलला ५० च्याही वर जातं.

माझी गाडी दीड लिटरची. न्यूट्रलमध्ये उभी, ८०० आरपीएम, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना मॅफ सेकंदाला १० ग्रॅम दाखवतो. म्हणजे तासाला ३६ किलो हवा. १४.७ ने भागा, अडीच किलोला थोडं कमी, जवळजवळ ३ लिटर डिझेल. उभ्या गाडीत! खरं तर एसी बंद असताना अर्धा-पाऊण लिटर लागतं. आणि ईजीआर उघडला की ताज्या हवेच्या जागी धूर आत येतो, मॅफ खाली जातो, डिझेल जवळपास तेवढंच. ॲपला वाटतं गाडी एकदम काटकसरी झाली. खंडाळ्याचा घाट गिअरमध्ये, पाय काढून उतरताना तर इंजेक्टर बंदच असतात, तरी ॲप आपलं डिझेल मोजतंच.

ॲपमध्ये ‘इंजिन फ्युएल रेट’ मिळतो का बघा. नाही मिळाला तर दर स्ट्रोकला किती मिलिग्रॅम डिझेल सोडलं तो आकडा शोधा. कंपनीनुसार त्याचा कोड वेगळा असतो. ४ सिलिंडर, २००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ४००० फवारे. प्रत्येकी १० मिलिग्रॅम धरले तर तासाला २.४ किलो, सुमारे २.९ लिटर. ६० च्या वेगाला २० चं ॲव्हरेज झालं.

हाही ईसीयूने मागितलेला आकडा आहे, मोजलेला नाही. इंजेक्टर झिजले की फरक पडतो. म्हणून तीन-चार टाक्या एकाच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ऑटो कटला थांबून भरा. डिझेलला फेस येतो, कट कधी लवकर होतो. एकाच टाकीवर विश्वास नको. ॲपचे लिटर पंपाच्या लिटरशी जुळवा, जो गुणक निघेल तो ॲपमध्ये टाका. माझा फरक त्यानंतर २-३ टक्क्यांवर आला.

गाडी बीएस-६ असेल तर एखाद्या दिवशी त्याच रस्त्यावर ॲव्हरेज अचानक पडेल. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साचलेली काजळी जाळत असतो तेव्हा जादा डिझेल जातं, तो दिवस हिशोबातून वगळू नका. टाकीतून गेलंच आहे ते.