भूस्खलन, खचणं की बसणं?

एकांनी विचारलंय की जकार्ता, मेक्सिको सिटीबद्दल पेपरात कधी ‘शहर बुडतंय’ येतं, कधी ‘भूस्खलन’, तर मऊ मातीवरच्या शहराची जमीन हळूहळू खाली जाते त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं.

भूस्खलन तर नक्कीच नाही. स्खलन म्हणजे घसरणं, त्याला उतार लागतो. माळीणला २०१४ मध्ये डोंगर घसरून गावावर आला ते भूस्खलन. आपल्या जुन्या नाशकातली काझीची गढी पावसाळ्यात गोदावरीच्या बाजूने सुटून खाली येते, ते ढासळणं.

माझ्या मते शब्द ‘जमीन बसणे’. नाशकात कुठल्याही साइटवर गवंडी हेच बोलतात, भराव टाकला की पाणी मारून धुमसाने ठोकून तो बसवायचा, नाहीतर दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध खाली जाते आणि भिंतीच्या कडेला फट पडते, मग म्हणतात भराव बसला. (काळ्या मातीचं वेगळं, ती पावसात फुगते न् उन्हाळ्यात आकसते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणतात.)

मेक्सिको सिटीत हेच, फक्त अख्ख्या शहराचं. ते जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय, खालून पाणी उपसलं की चिकणमातीतलं पाणी निघून जातं आणि वरच्या वजनाने ती दाबली जाते, काही भागात वर्षाला ५० सेंटीमीटरपर्यंत. तिथला १९१० चा स्वातंत्र्याचा स्तंभ खोल पायामुळे जागेवर राहिला पण भोवतालचा रस्ता इतका बसला की चौथऱ्याला १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

‘खचणे’ चूक नाही, पण त्यात आधार गेल्याचा भाव आहे. विहीर खचते, पाइपलाइन फुटली की रस्ता खचतो. जोशीमठला २०२३ मध्ये घरंच्या घरं तडकली तिथे तो शोभतो.

‘बुडतंय’ला मात्र माझा खरंच विरोध आहे, कारण त्यात सगळा दोष समुद्रावर जातो. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतो, उत्तर जकार्तात काही ठिकाणी जमीन दहा वर्षांत अडीच मीटर खाली गेली आणि त्याचं मोठं कारण बोअरचा उपसा. टोकियोने १९६० नंतर उपशावर बंधनं आणली आणि तिथली जमीन बसणं जवळपास थांबलं.

‘भू-अवतलन’ही वाचायला मिळतो, परीक्षेत चालेल, बोलताना बसणंच म्हणा.