सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत दोघांनी होडीतच रात्र काढायची तर होडी कुठे लावावी?

मुख्य पात्राच्या कडेला, ओहोटीतही कमरेएवढं पाणी राहील तिथे नांगर टाका; कांदळवनाला, म्हणजे काठच्या तिवरांच्या झाडीला, होडी बांधू नका. मी याच खाडीत बरीच वर्षं गळ टाकतोय. भरतीत तिवरांच्या मुळांपर्यंत छान पाणी असतं, पण सहा तासांत ते दीड-दोन मीटर उतरतं आणि होडी चिखलात कलंडते. त्या चिखलात पाय मांडीपर्यंत जातो, म्हणजे पुढच्या भरतीपर्यंत तुम्ही दोघं अडकलात. नांगराचा दोर भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट ठेवा, कारण प्रवाह फिरला की होडीही फिरते. हे सगळं अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जास्त लागू. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी कमी चढतं-उतरतं, थोडं आत लावलं तरी चालतं. जमलं तर तेच दिवस निवडा.

तांबोशी माशासाठी गळाला जिवंत कोळंबी लावा, भरती चढू लागली की. शिंगाळा मासा लागला तर हाताने धरू नका, पक्कडीनेच गरी काढा. त्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात, रात्रभर ठणका लागतो. चुलीसाठी तिवराची फांदीही तोडू नका, गुन्हा आहे. स्टोव्ह न्या.