हायब्रीड बरसीम म्हणायचं का सुधारित?

प्रश्न असा आलाय की बरसीम या वैरणीच्या पिकाच्या बियाण्याच्या पिशवीवर 'सुधारित वाण' छापलंय आणि दुकानदार म्हणतोय 'हायब्रीड हाय, घ्या', तर दोन्ही एकच का? आणि क्लोव्हरला मराठीत काय म्हणायचं?

क्लोव्हरचं आधी उरकतो. क्लोव्हर हा वनस्पतींचा एक गट, आपल्याकडं त्यातलं वैरणीला लावतात ते बरसीम. १९०४ साली इजिप्तहून सिंधमध्ये आलं ते नाव सोबत घेऊनच. कोल्हापुरात नुसतं 'घास' म्हणलं तर मात्र लसूणघास, म्हणजे ल्युसर्न, ते पीकच वेगळं (आणि त्याचा लसणाशी काडीचा संबंध नाही, ल्युसर्नचंच लसूण झालं असावं).

आता हायब्रीड. हा शब्द आपल्या तोंडात बसला ज्वारीमुळं. १९६४ ला सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि पुढं 'हायब्रीड' हे ज्वारीचंच नाव झालं. आमची आजी शाळूची भाकरी आणि हायब्रीडची भाकरी असंच म्हणायची, दुसरी म्हणताना जरा नाक मुरडून. दुकानदाराच्या लेखी मात्र हायब्रीड म्हणजे जादा उतारा देणारं काहीही.

संकरित बियाणं म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम संकर करून मिळालेली पहिली पिढी, त्याचं बी घरी धरून परत पेरलं की रानात उंच-बुटकं, लवकर-उशिरा असं सगळं निघतं, म्हणून दरवर्षी नवी पिशवी. बरसीमचं तसं नाही. चांगली झाडं निवडत निवडत वाण पक्का करतात, शेवटच्या कापणीनंतर थोडं रान बियाला सोडलं तरी चालतं. म्हणून तिथं 'सुधारित'च बरोबर. वाण तयार करताना सुरुवातीला कुठंतरी संकर केलेला असला तरीसुद्धा! आणि पुसा जायंट या बरसीमच्या वाणात तर संकर नाहीच, कोल्चिसिन नावाचं औषध वापरून गुणसूत्रं १६ ची ३२ केली, पानं मोठी झाली. त्याला 'चतुर्गुणित' म्हणतात, पण दुकानात हा शब्द काढलात तर पिशवी मिळायची नाही.

गाईच्या बाबतीत 'संकरित' अगदी बरोबर आहे, तिथं खरंच दोन जातींचा संकर असतो.

बाकी पिशवीवर काहीही लिहिलेलं असू दे, बी आधी मिठाच्या पाण्यात टाका, लिटरला शंभर ग्रॅम मीठ. कासनी या तणाचं बी वर तरंगतं, ते काढून टाका, खालचं साध्या पाण्यानं धुऊन मग पेरा. आमच्या चुलत्यांनी हे केलं नव्हतं, पुढं वाफ्यात निळी फुलं आली तेव्हा कळलं.