दहावी-बारावीत मुली पुढे, मग आयआयटीत इतक्या कमी का?

कारण बोर्डाची परीक्षा आणि आयआयटीची प्रवेश परीक्षा जेईई वेगळ्या गोष्टी मोजतात. महाराष्ट्र बोर्डाच्या २०२४च्या दहावीत मुली ९७.२१ टक्के, मुलगे ९४.५६ टक्के उत्तीर्ण. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. नववीतच शाळा सुटलेली मुलगी त्यात मोजलीच जात नाही. शिवाय उत्तीर्ण होणं आणि वरचा क्रमांक मिळवणं यांत फार अंतर आहे.

बोर्डात वर्षभराची नियमितता कामी येते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईईच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे जेईई मेनमध्ये, बहुपर्यायी प्रश्नात बरोबरला ४, चुकीला उणे १. असे गुण कापले जात असले की मुली सरासरीने जास्त प्रश्न सोडून देतात, असं अभ्यासांत दिसलंय. चारपैकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर अंदाज फायद्याचा: सरासरी अधिक ०.६७. हे क्लासमध्ये मुलींना ठासून सांगायला हवं.

पण माझ्या मते मोठी गळती परीक्षेआधीच होते. क्लाससाठी कोटा-लातूरला ठेवून दोन वर्षं लाखांत खर्च करायचा, तर अनेक घरांत तो मुलावर होतो.

आयआयटींनी २०१८पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा वाढवल्या. २०२०पर्यंत मुलींचं प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य होतं. या अतिरिक्त जागा मुलांच्या जागा कापून दिलेल्या नाहीत, आणि जेईई अॅडव्हान्स्डची, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची, पात्रता या मुलींनाही लागतेच.