व्याख्या नंतर, आधी बटाटा काप

लातूरला येऊन तुला महिनाच झालाय, म्हणून आत्ताच सांगतो. परासरणाची, म्हणजे पेशीच्या पटलातून कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे पाणी जाण्याची, व्याख्या घोकत बसू नकोस. मेसमधून एक बटाटा माग, दोन फोडी कर. एक साध्या पाण्यात ठेव, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. दोन तासांनी दाबून बघ. पहिली ताठ, दुसरी लिबलिबीत. मिठाने पाणी बाहेर ओढलं.

तुमच्या रानात कपाशीच्या बुडाशी युरिया जास्त पडला की रोप करपतं ना? तेच हे. मुळाबाहेर क्षार वाढले की पाणी आत शिरायचं सोडून बाहेर निघतं. आजोबांना ‘अतिपरासारी’ (बाहेरच्या पाण्यात क्षार जास्त) हा शब्द ठाऊक नसेल, पण खत ते बुडापासून चार बोटं लांबच टाकतात.

आता पेपरात फसवतात ते. ऑक्सिजन पटलातून सरळ जातो. ग्लुकोज लाल रक्तपेशीत शिरतं ते वाहक प्रथिनाच्या मदतीने, पण उतारावरून, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) न खर्चता. पाणी थोडं पटलातूनच झिरपतं. भराभर जायला त्याला अ‍ॅक्वापोरिन या पाणी नेणाऱ्या प्रथिनांच्या वाटा आहेत. त्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सोडियम-पोटॅशियम पंप मात्र चढावर ढकलतो. एका एटीपीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हे उलटं लिहून मी मार्क घालवलेत, लेका!

आणि सलाइन ०.९ टक्केच का, हे उद्या तू मला सांग. चहा माझ्याकडून.