पाऊल उचलत नाही: नस पाठीत दबलीय की गुडघ्याजवळ?

तुम्ही लिहिलंय की कांदा काढणी उरकल्यावर वडिलांचं डावं पाऊल वर उचलेना, चालताना चप्पल निसटते, आणि एमआरआयमध्ये एल ४-५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली. आता कंबरेचं ऑपरेशन करावं का, हा तुमचा प्रश्न.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं कळकळीचं सांगणं: नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नका. पन्नाशी-साठीत कंबर ठणठणीत असलेल्या पुष्कळ माणसांच्याही एमआरआयमध्ये गादी थोडीफार सरकलेली दिसते. वडिलांच्या पायात कोणती हालचाल गेलीय आणि कोणती शाबूत आहे, हे आधी तपासायला हवं.

पाऊल वर उचलणाऱ्या नसेला कॉमन पेरोनियल म्हणतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. ही नस त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून पुढे येते आणि तिथे ती जवळजवळ कातडीखालीच असते. तासन्तास उकिडवं बसून काम केलं, पायावर पाय टाकून बसायची सवय असली, प्लॅस्टर घट्ट बसलं किंवा वजन भराभर उतरलं की ती तिथेच दबते. म्हणून कांदा काढणीचा तुमचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो.

पाठीतली एल ५ची नस, म्हणजे एल ४-५ची गादी सरकली की बहुधा दबणारी नस, दबली तरी पाऊल असंच लटकतं. फरक दोन ठिकाणी सापडतो. वडिलांना पलंगावर बसवा, पाऊल खालीच सैल राहू द्या आणि तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगा. तुम्ही हाताने विरोध करा. हा जोर शाबूत असेल तर संशय गुडघ्याजवळच्या नसेवर, कारण आत वळवणाऱ्या मुख्य स्नायूची नस वेगळी आहे. पण त्या स्नायूलाही पाठीतून एल ५चाच पुरवठा असतो, त्यामुळे पाठीत दाब असेल तर तोही कमजोर पडतो. मग त्यांना उजव्या कुशीवर झोपवून डावा पाय सरळ वर उचलायला सांगा. खुब्यातला हा जोरही एल ५मध्ये कमी होतो, पेरोनियलमध्ये होत नाही. कंबरेतून पायात उतरणारी कळ असेल तर पारडं पाठीकडे झुकतं. बधिरपणावर मात्र फार विसंबू नका. दोन्हींत तो जवळपास त्याच भागात येतो. चवड्यावर उभं राहताच येत नसेल तर नस आणखी वर दुखावलीय का, हे बघावं लागेल. ढुंगणावर चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शननेही तसं होतं.

हातातही हाच विचार चालतो, फक्त एक फसगत टाळायची. मनगट लटकलेलं असताना बोटं फाकवायला सांगितली तर ती कमजोरच वाटतात आणि दोन नसा गेल्याचा भास होतो. तळहात टेबलावर सपाट ठेवून बोटं नीट फाकली, तर बहुधा एकटी रेडियल, म्हणजे मनगट वर उचलणारी नसच दुखावलेली असते.

आणखी एक, आपल्याकडे हे विसरून चालत नाही: कुष्ठरोग नेमका याच गुडघ्याजवळच्या आणि कोपरामागच्या नसेला धरतो. तिथे दोरीसारखी जाड नस लागली किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर सरकारी आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत मिळतं आणि आजार बरा होतो.

न्यूरोलॉजिस्टना दाखवाच. एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायूंमधले विजेचे संकेत मोजणारी तपासणी, साधारण तीन आठवड्यांनी जास्त नेमकं सांगते. फार लवकर केली तर चित्र अर्धवट येतं. तोवर उकिडवं बसणं पूर्ण बंद, आणि पावलाला स्प्लिंट (पाऊल वर धरून ठेवणारी आधाराची पट्टी), म्हणजे बोटं अडखळून ते पडणार नाहीत. नुसता दाब असेल तर बहुतेकदा काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत जोर परततो. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढतात, तेव्हा धीर धरावा लागतो.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, दुसराही पाय कमजोर झाला, किंवा तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळलं, तर मात्र त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

कुशीवर झोपून पाय उचलता येतो का, ते बघून इथेच कळवा.