ओल्ड कोर्सवर जरूर खेळा, पण साडेनऊ लाख देऊन नको

प्रश्न : वय ५४, पुण्यात खासगी नोकरी, महिन्याला हातात २ लाख १० हजार येतात. गृहकर्जाचे ११ लाख बाकी आहेत. मुदत ठेवी १४ लाखांच्या आणि इक्विटी म्युच्युअल फंड ४६ लाखांचे. मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाचे ८ लाख ऑगस्ट २०२७ मध्ये भरायचे आहेत. आम्ही चार मित्र जून २०२७ मध्ये स्कॉटलंडला लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळवट, मैदानांवर गोल्फ खेळायला जायचं म्हणतोय. टूर कंपनीचं पॅकेज माणशी ९ लाख ४० हजारांचं आहे : नऊ रात्री, सहा राउंड (१८ होलचा एक डाव), सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सची वेळ पक्की. ३० टक्के आत्ताच भरायचे आहेत. फंड विकू, की १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ?

उत्तर : जा. तुमच्या मिळकतीला ही सहल झेपते. हे पॅकेज, हा महिना आणि हे कर्ज मात्र तिन्ही बदला.

आधी कर्जाचं बघू. ९ लाख ४० हजार, १४ टक्के, तीन वर्षं म्हणजे हप्ता ३२,१०० च्या आसपास आणि व्याजापोटी २ लाख १६ हजार. दहा दिवसांच्या हौसेचा हप्ता तुम्ही ५७ व्या वर्षापर्यंत भरत राहणार, तेही गृहकर्ज डोक्यावर असताना. हा पर्याय इथेच सोडा. सगळे पैसे फंडातून काढले आणि त्यात निम्मा नफा आहे असं धरलं, तर ४ लाख ७० हजारांच्या नफ्यातले सव्वा लाख करमुक्त, उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस, असे साधारण ४५ हजार करात जातील. कर्जापेक्षा हे बरं, पण मुळात एवढ्या रकमेची गरज आहे का?

स्वतः आखलेल्या सहलीचा हिशेब पौंड १२५ रुपये धरून करू. ओल्ड कोर्सची ग्रीन फी, म्हणजे एका राउंडचे मैदानाचे पैसे, २०२५ च्या हंगामात ३४० पौंड होती. कार्नुस्टीच्या चॅम्पियनशिप मैदानाला तीनशेच्या वर लागतात. बाकीचे चार राउंड सेंट अँड्र्यूजचं न्यू, क्रेल, ईली, लंडिन लिंक्स अशा मैदानांवर सरासरी दीडशे पौंडांनी. ग्रीन फीचे सगळे मिळून १,३०० पौंड, म्हणजे १ लाख ६३ हजार. दोघांत एक खोली घेतली तर नऊ रात्रींचे ८५ हजार, खाण्यापिण्याचे ५६ हजार, गाडी आणि इंधनातला वाटा २५ हजार. दोन राउंडना कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, टिप धरून २५ हजार; कॅडीला रोख द्यावी लागते, तेव्हा नोटा जवळ ठेवा. मुंबईहून एडिनबराचं एका थांब्याचं विमान ७५ हजार, व्हिसा आणि विमा २० हजार. बेरीज साडेचार लाख. दर वाढतात, पौंडही चढतो, म्हणून दहा टक्के जास्त धरा : माणशी पाच लाख.

पॅकेज आणि या आकड्यात ४ लाख ४० हजारांचं अंतर आहे. वरच्या दर्जाचं हॉटेल आणि चालकासकट गाडी यांचे दीड लाख धरले, तरी जवळजवळ तीन लाख उरतात आणि ते मुख्यतः एका राउंडच्या हमीचे आहेत. ओल्ड कोर्स कुणा क्लबच्या मालकीचा नाही. जमीन सार्वजनिक आहे आणि कारभार सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट बघतो. त्यामुळे बाहेरच्या माणसालाही तिथे बॅलटने, म्हणजे सोडतीने, वेळ मिळू शकते. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत दोन ते चार खेळाडूंची नावं द्यायची, संध्याकाळच्या आत निकाल कळतो. अधिकृत हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला लागतो, तो क्लबकडून आधीच घेऊन ठेवा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरायला येतात! म्हणून मुक्काम सोमवार ते शुक्रवार सेंट अँड्र्यूजमध्येच ठेवा आणि पाचही दिवसांच्या सोडतीत नाव घाला. सोमवारची नोंद शनिवारी करावी लागते, ती बहुतेकांच्या लक्षातून जाते. चौघांचा नंबर लागला नाही तर एकेकट्यांसाठीची सोडत वेगळी असते.

तरीही नंबर लागला नाही तर? मग शेजारच्या न्यू किंवा ज्युबिली मैदानावर खेळायचं आणि ओल्डचे ३४० पौंड परत घेऊन यायचे. हमीशिवाय जाणं तुमच्यापैकी कुणाच्या जिवाला लागणार असेल, तर तीन लाख ही त्या मनःशांतीची किंमत आहे, हे चौघांनी एकत्र बसून उघड बोला. माझ्या मते ती फार आहे. क्रेलची सोसायटी १७८६ ची, तिथलं बालकोमी मैदान एकोणिसाव्या शतकातला नामवंत गोल्फर ओल्ड टॉम मॉरिस याच्या हातचं. ईलीला पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. पुढचा उंचवटा ओलांडून आधीची मंडळी लांब गेली का, ते त्यातून बघून मगच फटका मारायचा. पैसे वसूल होतात ते अशा गावांत.

आता महिना. जुलै २०२७ मध्ये ओपन (ब्रिटिश ओपन) ही गोल्फची मोठी स्पर्धा ओल्ड कोर्सवरच आहे. त्याआधीच्या आठवड्यांत प्रेक्षकांचे स्टँड उभे राहत असतात, बाहेरच्यांना वेळा कमी मिळतात आणि खोल्यांचे भाव डोळे पांढरे करतात. जून नकोच. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. महिनाअखेरीस जाऊ नका, कारण तेव्हा आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा ओल्ड, कार्नुस्टी आणि किंग्जबार्न्स या तिन्ही मैदानांवर असते. हिवाळ्यातली स्वस्त फी बघूनही भुलू नका. तेव्हा ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर, म्हणजे गवताच्या मुख्य पट्ट्यावर, चटईच्या तुकड्यावरून फटका मारावा लागतो.

सप्टेंबरमुळे पैशाचीही सोय होते. जुलै २०२६ पासून चौदा महिने २८ हजारांची आवर्ती ठेव केलीत तर ३ लाख ९२ हजार होतात. उरलेले लाख-सव्वा लाख मार्च २०२७ मध्ये फंडातून काढा. त्यातला नफा सव्वा लाखाच्या आतच राहील. त्या वर्षी दुसरा नफा घेतला नसेल तर कर शून्य. बोनस मिळाला तर फंडालाही हात लावू नका. चौदा लाखांतले आठ लाख मुलीच्या फीसाठी जुलै २०२७ ला संपणाऱ्या वेगळ्या ठेवीत आजच टाका. राहिलेले सहा लाख तुमचा आपत्कालीन निधी. त्यातून सहलीला एक रुपया नाही.

टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ गोळा केला जाणारा कर, याबद्दल गोंधळ होतो म्हणून थोडं सविस्तर. परदेशी टूर पॅकेजवर कंपनी टीसीएस घेते. २०२५-२६ मध्ये तो दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता, २०२६ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के झाला. म्हणजे तुमच्या पॅकेजवर १८,८०० रुपये. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात. तुमच्या ऑफिसच्या पगार विभागाला कळवलं तर टीडीएसमध्येही. स्वतः आखलेल्या सहलीत वर्षभरात एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) दहा लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएसच नाही. मात्र ही मर्यादा पॅननुसार असते. चौघांच्या खोल्या, ग्रीन फी, गाडी असं सगळं एकानेच भरलं तर तो दहा लाख ओलांडतो आणि वरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. 'तू भर, नंतर हिशेब करू' हे गोव्याला चालतं. इथे प्रत्येकाने आपापलं भरा. बिलं क्रेडिट कार्डावर टाकलीत तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनाचं शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून मोठ्या रकमांसाठी फॉरेक्स कार्ड घ्या आणि तीन-चार टप्प्यांत भरा, म्हणजे सगळे पौंड एकाच भावाला घ्यावे लागणार नाहीत.

चुका होतात त्या बहुतेक सामानाच्या आणि गुडघ्यांच्या. चार माणसं, चार गोल्फ बॅगा आणि चार सुटकेसेस एसयूव्हीत मावत नाहीत. नऊ आसनी व्हॅन लागते आणि ती महिनोनमहिने आधी ठरवावी लागते. भारतीय परवाना चालतो, गाडीही डावीकडूनच. विमान कंपनीने गोल्फ बॅग नेहमीच्या २३ किलोंत धरली आहे की वेगळी, हे तिकिटाआधी लेखी घ्या. जास्तीच्या बॅगेचे पैसे फार होत असतील तर तिथे राउंडला ५०-७० पौंडांत सेट भाड्याने मिळतो, पण सहा राउंडचं भाडं बेरजेत बॅगेच्या पैशांपेक्षा बहुधा जास्तच होतं. आणि बग्गी, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, विसरा. ओल्ड कोर्सवर चालतच खेळायचं, बाकी लिंक्सवर बहुधा वैद्यकीय कारणाशिवाय ती देत नाहीत. एका राउंडला वाऱ्यात सात-आठ किलोमीटर चालणं होतं. चौघांपैकी कुणाला ते जमणार नसेल तर सहा राउंडचे चार करा, नाहीतर न खेळलेल्या राउंडची ग्रीन फी वाया जाईल. पावसासाठी पैसे परत मिळत नाहीत.

टूर कंपनीला आत्ता ३० टक्के देऊ नका. तरीही पॅकेजच घ्यायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : ओल्ड कोर्सच्या वेळेची तारीख आणि तास, कंपनी ट्रस्टच्या अधिकृत टूर ऑपरेटरांपैकी आहे का, आणि व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत.